पोटगी कमी करून घ्यायची तर कोर्ट नेमकं काय बघतं?

घटस्फोटाची केस उभी राहिली की नवऱ्याला सल्ले देणारी माणसं गावात कमी नसतात. आता त्यात मोबाईलवरच्या रील्सची भर पडली आहे. नोकरी सोडून दे. जमीन भावाच्या नावावर कर. कोर्टात सांग, कमाईच नाही. तारखा घेत राहा. फार तर महिनाभर आत जाऊन ये, विषय संपेल.

हे ऐकून वागणाऱ्याचा विषय संपत नाही, रक्कम मात्र वाढत जाते. कारण पोटगी साधारणपणे अर्ज केल्याच्या तारखेपासून मोजली जाते. निकाल लागायला चार वर्षं लागली, तर चार वर्षांची थकबाकी एकदम समोर येते.

याचा अर्थ पोटगी कमी होतच नाही असा नाही. कोर्टं ती कमी करतात, कधी नाकारतात, कधी नंतर बदलूनही देतात. फक्त त्यासाठी कोर्टाला कागद लागतात. ते कोणते, हे सर्वोच्च न्यायालयाने एका नागपूरच्या केसमध्ये सविस्तर सांगून ठेवलंय. विशेष म्हणजे त्यात शेतकऱ्यासाठी वेगळा नमुना आहे, त्यामुळे माजलगावसारख्या तालुक्यात तो जास्त कामाचा आहे.

आधी हे बघा, पोटगी मागतात कुठे?

पोटगी मागायचे मुख्य रस्ते तीन आहेत.

पहिला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं प्रसिद्ध कलम १२५ ते हेच. १ जुलै २०२४ पासून नंबर बदलला. स्वतःचा खर्च भागवू न शकणारी बायको, मुलं आणि आईवडील यांच्यासाठी हे कलम आहे. त्यासाठी धर्म कोणता हे बघितलं जात नाही. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे हा अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. बायको माहेरी राहत असेल तर तिथल्या कोर्टातही तो करता येतो.

दुसरा, हिंदू विवाह कायदा. त्यातलं कलम २४ केस चालू असतानाच्या म्हणजे अंतरिम पोटगीसाठी, आणि कलम २५ कायमच्या पोटगीसाठी. ही दोन्ही कलमं नवरा आणि बायको, दोघांनाही लागू आहेत.

तिसरा, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा. त्यातही दर महिन्याच्या खर्चाचा आदेश मिळू शकतो.

माजलगावच्या केसमध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तर ते छत्रपती संभाजीनगरच्या म्हणजे औरंगाबाद खंडपीठासमोर चालतं.

नागपूरची केस काय होती?

केसचं नाव रजनेश विरुद्ध नेहा. मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी २०१३ मध्ये बायकोने सासर सोडलं. सप्टेंबर २०१३ मध्ये तिने स्वतःसाठी आणि मुलासाठी अंतरिम पोटगीचा अर्ज केला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१५ रोजी आदेश दिला. बायकोला १ सप्टेंबर २०१३ पासून महिना १५,००० रुपये. मुलाला सुरुवातीची दोन वर्षं महिना ५,००० आणि १ सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये.

आता हिशोब करा. आदेशात धरलेली सुरुवातीची दोन वर्षं म्हणजे २४ महिने. दोघांचे मिळून महिना २०,००० रुपये. म्हणजे या दोन वर्षांचेच ४ लाख ८० हजार रुपये होतात.

नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. तिथे १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याची याचिका फेटाळली गेली. मग तो सर्वोच्च न्यायालयात गेला. आपल्याकडे आता काम नाही, हा त्याचा मुद्दा होता. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने निकाल दिला. १५,००० रुपये कायम राहिले आणि सगळी थकबाकी १२ आठवड्यांत भरण्याचा आदेश झाला. सप्टेंबर २०१३ ते ऑक्टोबर २०२० हे ८६ महिने होतात. एकट्या बायकोच्या पोटगीची बेरीज १२ लाख ९० हजार. मधल्या काळात जे भरलं असेल ते यातून वजा होतं, पण आकडा काय होतो ते दिसतं.

दुसरी बाजूही बघायला हवी. अंतरिम पोटगी म्हणजे केस चालू असताना जगण्यासाठी मिळणारा आधार. त्याचाच निकाल लागायला सात वर्षं लागली. तेवढ्यात मूल शाळेत जायला लागतं. सर्वोच्च न्यायालयाने या उशिराचीही दखल घेतली आणि देशभरातल्या कोर्टांसाठी नियम घालून दिले. ते असे:

– नवरा आणि बायको, दोघांनीही आपली कमाई, मालमत्ता आणि देणी सांगणारं शपथपत्र द्यायचं.
– उत्तर देणाऱ्याने ते जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचं.
– अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा.
– पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची.
– शपथपत्रात खोटं सांगितलं, तर कोर्ट खोट्या शपथेची कारवाई सुरू करू शकतं.

शेतकऱ्याला काय सांगावं लागतं?

पगारदार माणसाची कमाई सॅलरी स्लिपवर दिसते. शेतकऱ्याची तशी दिसत नाही. माजलगाव तालुक्यात तर धरणाच्या आणि कालव्याच्या पाण्यावर ऊस घेणारा शेतकरी आणि कोरडवाहू रानात कापूस, सोयाबीन करणारा शेतकरी असे दोघेही भेटतात. दोघांच्या सातबाऱ्यावर पाच एकरच लिहिलेलं असलं, तरी दोघांच्या घरात येणारा पैसा सारखा नसतो. शिवाय एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो आणि बागायतदारही अडचणीत येतो.

म्हणून त्या निकालात शेतीवर जगणाऱ्यांसाठी शपथपत्राचा वेगळा नमुना दिलाय. त्यात विचारलेल्या गोष्टी अशा: एकूण जमीन किती, त्यात तुमचा हिस्सा किती, मालकीचे आणि फेरफाराचे कागद, जमीन बागायत की जिरायत, पिकं कोणती, गेल्या तीन वर्षांत त्यातून उत्पन्न किती झालं, कुणाची जमीन बटईने केली का, गाई-म्हशी-शेळ्या किती आणि त्यातून काय मिळतं, जमिनीवर कर्ज किती, इतर कमाई काय.

पोटगी खरोखर झेपत नसेल तर हाच नमुना तुमच्या कामाचा आहे. गेल्या तीन वर्षांत एक वर्ष दुष्काळात गेलं असेल तर ते इथे दिसतं. कारखान्याची ऊस बिलं, आडतीच्या पट्ट्या, सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा, पीकविम्याची कागदपत्रं, बँकेचं पासबुक हे सगळं जोडलं, तर सरासरी कमाई ठरवायला कोर्टाला आधार मिळतो. काहीच दिलं नाही, तर कोर्ट जमिनीच्या क्षेत्रावरून आणि राहणीमानावरून अंदाज बांधतं. तो अंदाज तुमच्या बाजूने असेलच असं नाही.

जमीन भावाच्या नावावर करण्याच्या सल्ल्याचंही उत्तर इथेच आहे. फेरफारावर तारीख असते. बायकोची नोटीस मार्चमध्ये आली आणि बक्षीसपत्र एप्रिलमध्ये झालं, हे समोरच्या वकिलाला शोधायला एक दिवस पुरतो. त्यानंतर तुमच्या खऱ्या आकड्यांवरही कोर्टाचा विश्वास बसणं कठीण होतं.

ऊसतोडीची कमाई कुणाची?

बीड जिल्ह्यातून हजारो जोडपी दरवर्षी ऊसतोडीला जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादम उचल देतो ती या जोडीच्या कामावर, पण बहुतेक वेळा पैसे नवऱ्याच्या हातात पडतात.

संसार मोडला की दोघांचंही गणित बिघडतं. नवरा म्हणतो, उचल हे माझ्यावरचं कर्ज आहे, मी कुठून देऊ? बायको म्हणते, उचल फेडायला मीही राबले, आता एकटीला कोण कोयता देणार? दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. उचल ही आगाऊ मजुरी असते, म्हणजे एकाच वेळी कमाईही आणि देणंही.

अशा केसमध्ये उचल किती घेतली, त्यातली किती फिटली, हंगाम किती महिने चालला आणि उरलेल्या महिन्यांत काय काम केलं, हे शपथपत्रात साध्या शब्दांत लिहिलं पाहिजे. हंगामी कमाई वर्षाच्या बारा महिन्यांत वाटली तर खरा मासिक आकडा निघतो. मजुरी करणाऱ्याला पोटगी द्यावी लागत नाही, हा मात्र गैरसमज आहे. धडधाकट माणसाने अंगमेहनतीचं काम करून का होईना बायको-मुलांचा खर्च उचलायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंजू गर्ग यांच्या केसमध्ये स्पष्ट केलं आहे.

मग पोटगी कमी कशाने होते?

कोर्टात ज्या गोष्टींना वजन असतं त्या अशा:

१. बायकोची स्वतःची कमाई. ती शिक्षिका, अंगणवाडी सेविका, नर्स असेल किंवा दुकान चालवत असेल आणि त्याचा पुरावा असेल, तर रक्कम त्या प्रमाणात कमी होऊ शकते. ती शिकलेली आहे, कमवू शकते, एवढं बोलून मात्र भागत नाही. कमवू शकणं आणि खरंच कमावणं यात कोर्ट फरक करतं. थोडी कमाई असली म्हणून पोटगी आपोआप बंदही होत नाही.

२. तुमच्यावर अवलंबून असलेली माणसं. म्हातारे आईवडील, आजारी सदस्य. त्यांच्या औषधांची बिलं जोडा.

३. खरं कर्ज. पीककर्ज, राहत्या घराचं कर्ज याचा विचार होतो. पण केस सुरू झाल्यावर घेतलेल्या गाडीचा हप्ता किंवा स्वतःहून वाढवलेली बचत दाखवून हातात येणारा पगार कमी दाखवला, तर कोर्ट तो सहसा मान्य करत नाही.

४. आजारपण, अपंगत्व किंवा खरोखर गेलेली नोकरी. स्वतः राजीनामा दिला असेल, तर तुमची कमावण्याची क्षमता बघितली जाते.

५. मुलांसाठी थेट केलेला खर्च. मुलांच्या शिक्षणाचा खर्च साधारणपणे वडिलांनी करायचा असतो. बायकोची कमाई पुरेशी असेल तर तो दोघांत प्रमाणात वाटता येतो.

६. आधीचा आदेश. हिंसाचाराच्या कायद्याखाली महिना ४,००० चा आदेश आधीच असेल आणि नंतर कलम १४४ खाली ६,००० ठरले, तर दोन्ही मिळून १०,००० भरायचे असा त्याचा अर्थ होत नाही. नंतरचं कोर्ट आधीची रक्कम वळती करून देऊ शकतं. नागपूरच्या केसमध्येच हा नियम स्पष्ट झाला. त्यासाठी आधीचा आदेश नंतरच्या कोर्टापुढे ठेवणं गरजेचं आहे.

२५ टक्क्यांचा नियम खरा आहे का?

पगाराच्या २५ टक्के पोटगी, हा आकडा सोशल मीडियावर सारखा फिरतो. तो आला २०१७ च्या कल्याण डे चौधरी या पश्चिम बंगालमधल्या केसमधून. नवऱ्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा म्हटलं. त्यासाठी १९७० च्या एका जुन्या निकालाचा आधार घेतला होता.

पण त्या केसमध्ये पुढे काय झालं ते रील्समध्ये नसतं. उच्च न्यायालयाने महिना २३,००० रुपये ठरवले होते. नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं आणि त्या लग्नातून मूल होतं. ती जबाबदारी लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने रक्कम २०,००० वर आणली. म्हणजे याच निकालात पोटगी कमी झाली होती आणि तीही खऱ्या जबाबदारीमुळे.

२५ टक्के हा कायद्यात लिहिलेला दर नाही. कुठे जास्त, कुठे कमी पोटगी ठरते. जास्तीची बाजूही अमर्याद नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एका श्रीमंत नवऱ्याच्या केसमध्ये बायकोने त्याच्या पहिल्या बायकोला मिळालं तेवढं मागितलं होतं. पोटगी म्हणजे नवऱ्याच्या संपत्तीची बरोबरीने वाटणी नव्हे, असं सांगत सर्वोच्च न्यायालयाने १२ कोटी रुपये ठरवले. रक्कम मोठी वाटेल, पण मागणी त्याहून कितीतरी जास्त होती.

बायकोलाही पोटगी द्यावी लागते?

हो. मराठवाड्यातलंच उदाहरण आहे. नांदेडच्या एका जोडप्याचं लग्न १९९२ मध्ये झालं आणि २०१५ मध्ये घटस्फोट झाला. बायको शिक्षिका होती. आपल्याला कमाईचं साधन नाही असं सांगून नवऱ्याने हिंदू विवाह कायद्याखाली पोटगी मागितली. नांदेडच्या कोर्टाने महिना ३,००० रुपये अंतरिम पोटगी ठरवली आणि थकबाकीसाठी तिच्या पगारातून महिना ५,००० रुपये कापून कोर्टात भरायला शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगितलं. घटस्फोट होऊन गेलाय, आता कसली पोटगी, हा बायकोचा मुद्दा होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी तो मान्य केला नाही.

म्हणजे रक्कम कमी करून घेण्याचा प्रश्न कमावत्या बाईपुढेही येऊ शकतो. तेव्हा तिलाही हेच शपथपत्र आणि हेच पुरावे लागतात.

न चालणाऱ्या तीन युक्त्या

जेलमध्ये जाऊन येणं. पोटगी थकवली तर कलम १४४ खाली प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण ती वसुलीसाठी असते. आत राहून आलं म्हणून देणं फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय.

बाँडपेपरवरची सोडचिठ्ठी. शंभर-पाचशेच्या बाँडवर सह्या घ्यायच्या, पंचांसमोर पैसे द्यायचे आणि यापुढे पोटगी मागणार नाही असं लिहून घ्यायचं, हे गावोगाव चालतं. हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नाला असा घटस्फोट लागू पडत नाही. समाजात तशी रूढी असल्याचं कोर्टात सिद्ध झालं तरच अपवाद होतो. पोटगीचा हक्क सोडल्याचं लिहून घेतलं तरी तो संपत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानेही म्हटलंय. त्यात दिलेली रोख रक्कम सिद्ध करता आली नाही, तर ती गेली म्हणायची.

नांदायला ये म्हणून केस टाकणं. नांदण्याचा हुकूम मिळाला आणि बायको आली नाही, की पोटगी बंद, असं अनेकांना वाटतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा हुकूम असला तरी ती का आली नाही हे बघावं लागेल. मारहाण, छळ, दुर्लक्ष असं योग्य कारण असेल तर पोटगी मिळते.

आदेश झाल्यानंतर परिस्थिती बदलली तर?

तर बदलाचा अर्ज करता येतो. कलम १४४ च्या आदेशासाठी त्याच कायद्याचं कलम १४६ आहे. हिंदू विवाह कायद्यात कलम २५ मध्येच तशी सोय आहे. हिंसाचाराच्या कायद्यातही आहे. नोकरी गेली, अपघात झाला, बायकोला नोकरी लागली, घटस्फोटानंतर तिने दुसरं लग्न केलं, ही त्यासाठीची कारणं होऊ शकतात. बायकोचा किंवा मुलाचा खर्च वाढला, तर तीही वाढ मागू शकते.

फक्त एक लक्षात ठेवा. परिस्थिती बदलली म्हणून आदेश आपोआप बदलत नाही. अर्ज करायच्या आधीच पैसे थांबवले तर थकबाकी चढते, वॉरंट निघतं आणि कोर्टापुढे तुमची बाजू पडते. सगळे पैसे देता येत नसतील तर जमेल तेवढे देत राहा आणि लगेच अर्ज करा. पैसे बँकेतून पाठवा. मामाच्या हाती रोख दिले, हे नंतर कुणी मान्य करत नाही.

दोघांनाही भांडण वाढवायचं नसेल, तर संमतीने घटस्फोट घेऊन एकरकमी रक्कम ठरवता येते. ते कोर्टापुढे नोंदवलं की दर महिन्याचा प्रश्न मिटतो. मुलाचा खर्च मात्र त्यात वेगळा धरावा, कारण मुलाचा हक्क आईवडिलांनी आपसात सोडून देता येत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पुरुषांनाही मिळतो.

वकिलाकडे जाताना सातबारा, आठ अ, तीन वर्षांची बिलं, पासबुक, कर्जाचे कागद आणि आईवडिलांच्या औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून न्या. दहा हजारांची मागणी झाली असेल आणि तुम्हाला खरोखर चारच हजार झेपत असतील, तर ते या कागदांवरूनच कोर्टाला पटू शकतं.